उपाशी पेशी

९ जानेवारी

प्रिय छोटी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, आणि वाचून झाल्या झाल्या घरी फोनही करू नकोस. फोन वाजला की आधी तुझा दादाच उचलतो, आणि मी बोलायला लागले की शेजारी येऊन बसतो. म्हणून दुकानात, जेवणाच्या सुट्टीत, चष्म्याच्या फ्रेमांचे खोके बाजूला सारून लिहितेय. उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर पाठव.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. नोव्हेंबरात ह्यांचं ऑपरेशन झालं ते हर्नियाचं नव्हतं. आतड्याचा कॅन्सर निघाला. यकृतावरही थोडा आहे. "तिचं मोठं भाषण तोंडावर आलंय, तिला आत्ता काही कळवायचं नाही," असं ह्यांनी मला बजावलं, आणि मी ऐकलं. रागवायचं तर नंतर रागव. आत्ता काम निराळंच आहे.

ऑपरेशन चांगलं झालं. केमो सुरू झाली. डॉक्टर भले आहेत, खुर्ची ओढून बसतात आणि नीट समजावतात. सगळं मार्गी लागलं असं वाटत होतं, तेवढ्यात डिसेंबरात रविवारच्या पेपरात तुझी मुलाखत आली. फोटोसकट, पानभर. मीच ती ह्यांना वाचून दाखवली. त्यात तू म्हटलंयस की पेशी उपाशी राहिली की स्वतःमधलीच अडगळ खायला लागते, जुनं मोडकं साफ करते, आणि या घरसफाईतून कॅन्सरला रोखायचा रस्ता कदाचित निघेल. ते 'कदाचित' मी गाळलं नाही गं, चांगलं मोठ्यांदा वाचलं. ह्यांना ते ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून रात्रीचं जेवण बंद. मग सकाळचा नाश्ता बंद. आता केमोच्या आधी दोन दिवस आणि नंतरही नुसतं पाणी. जन्मभर तरण तलावाच्या काठावर शिट्टी फुंकून पोरांना पोहायला शिकवलं, घरी येऊन ओल्या केसांनी उभ्या उभ्या अख्खा पाव आणि अंडी फस्त केली, तो माणूस ताटाकडे पाठ करून बसतो. मी काही बोलले की एकच ठरलेलं, "माझ्या बहिणीला जास्त कळतं की तुला?"

डॉक्टरांचं ऐकत नाहीत, माझं तर नाहीच. तुझं ऐकतील. त्यांना सरळ लिही, दादा, जेव.

तुझी,
वहिनी


१८ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र घेऊन जिन्यात जाऊन बसले. आमच्या इमारतीत रडायला तेवढीच जागा आहे, बाकी सगळ्या भिंती काचेच्या. तुझ्यावर रागवलेली नाही. त्याच्यावर आहे, आणि तो समोर नाही म्हणून दिवसभर प्रयोगशाळेतल्या पोरांवर खेकसले.

मुलाखतीतलं काही खोटं नाही, पण पत्रकाराने तासाभराच्या बोलण्यातलं छापता येईल तेवढंच उचललं. उपासमार झाली की पेशी स्वतःचे तुकडे मोडून त्यांच्यावर जगते, याला आम्ही ऑटोफॅजी म्हणतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते हिरव्या ठिपक्यांसारखं दिसतं, बघत राहावं असं. निरोगी पेशीला त्याने फायदाच होतो. कॅन्सर व्हायच्या आधी ते त्याला अडवतही असावं. पण कॅन्सर एकदा झाल्यावर काय होतं, हे प्रकरण गुंतागुंतीचं आहे. आमचं काम उंदरांवर चालू आहे. अजून छापून आलेलं नाही.

दादाला मी वेगळं पत्र टाकलंय. त्यात दोन्ही बाजू नीट मांडल्या आहेत. मी रोगी तपासणारी डॉक्टर नाही गं, मी त्याला औषधपाणी सांगणं बरोबर नाही. शिवाय सध्या इथे माझा शब्दन् शब्द तोलला जातोय. आमचे संचालक हाच विषय घेऊन माणसांवरच्या चाचणीची परवानगी मागतायत, तपासणीचं पथक यायचंय. मी कागदावर काही तुटक लिहावं आणि ते भलतीकडे जावं, असं मला नकोय.

तू खचू नकोस. त्याचे रिपोर्ट पाठव.

तुझी,
छोटी


२७ जानेवारी

ढापणे,

वहिनी फितूर झाली हे कळलं. तिला मी माफ केलंय, तूही कर.

तुझं चार पानी पत्र वाचलं. त्यात इतके 'परंतु' आहेत की मधेच मला डुलकी लागली. पण मुद्दा सापडला. तू लिहिलंयस, "उपाशी राहण्याचा काहीच उपयोग नाही, असं आज ठामपणे म्हणता येणार नाही." बस, मला एवढंच हवं होतं. तुझी हो म्हणायची तऱ्हा मला नवी आहे होय? शाळेतही पेपर कसा गेला विचारलं की 'बरा' म्हणायचीस, आणि निकालाच्या दिवशी पहिली. आईला वाटायचं पोरगी नापास होणार. मी तेव्हाच ओळखायचो.

तब्येत उत्तम. पोट आत गेलंय, बावीस वर्षांचा दिसतो असं तलावावरचा वॉचमन म्हणाला. त्याची दृष्टी अधू आहे, ते सोड. केमोच्या खोलीत आम्ही ओळीने खुर्च्यांत नळ्या लावून बसतो. सगळ्यांना तुझा फोटो दाखवून झालाय. माझ्या शेजारी गणिताच्या एक बाई असतात, भारी कडक. त्यांनी मुलाखत दोनदा वाचली आणि म्हणाल्या, तुमची बहीण मुद्द्याला धरून बोलते. नर्स आमच्यावर ओरडते. ओरडू दे.

तुला आठवतं, मी तुला पहिल्यांदा पाण्यात सोडलं तेव्हा तू काठाची पट्टी घट्ट धरून तलाव डोक्यावर घेतला होतास. शेवटपर्यंत पोहायला शिकली नाहीसच. घरात एवढा मास्तर असून. ते मला फार लागलं होतं गं, बोललो नाही कधी. पण आता मजा बघ. आता मी तुझ्या भरवशावर खोल पाण्यात उतरलोय, आणि मला भीती वाटत नाही.

काम कर. माझी काळजी करायला वहिनी आहे, तिला दुसरा उद्योग नाही.

दादा


७ फेब्रुवारी

प्रिय छोटी,

रिपोर्ट सोबत आहेत.

तू ह्यांना काय लिहिलंस ते मी वाचलं. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण जे कळलं त्यात 'जेव' हा शब्द कुठेच नव्हता. ह्यांनी त्यातलं एक वाक्य पाठ केलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणून दाखवतात. तू 'नाही' म्हटलं नाहीस, म्हणजे 'हो' म्हटलंस, असा त्यांचा हिशेब.

परवा केमोला गेलो. वजन केलं आणि डॉक्टरांनी औषध द्यायला नकार दिला. एवढ्या वजनावर हा डोस दिला तर माणूसच राहायचा नाही, आधी खा-प्या आणि मग या, असं म्हणाले. मग मला बाहेर बसवून ह्यांच्याशी एकट्याशी बराच वेळ बोलले. काय बोलणं झालं ते ह्यांनी सांगितलं नाही. घरी आल्यावर मी सूप पुढे केलं. वाटी हातात घेतली, बघितलं, आणि खाली ठेवली.

मी चोरून पाण्यात साखर घालते. कळलं तर भांडतील. चाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना फसवलं नव्हतं, ते आता साखरेवरून सुरू झालं.

तुला दोन्ही बाजू मांडायच्या असतील तर खुशाल पेपरात मांड. इथे एकच बाजू उरलीय आणि ती पलंगावर पडून आहे. एका ओळीचं पत्र लिही. पाया पडते.

तुझी,
वहिनी


२१ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

रिपोर्ट पाहिले. माझ्या ओळखीच्या तज्ज्ञांनाही दाखवते.

मी दादाला फोन केला होता, त्याने सांगितलं असेलच. खाण्याचा विषय काढला तर हसला, म्हणाला, घाबरू नकोस, तुझं नाव खराब होऊ देणार नाही. त्यावर मी विषय तिथेच सोडला. डॉक्टर म्हणतात तसं वाग, एवढं मात्र मी स्पष्ट म्हणाले.

तपासणीचं पथक पुढच्या आठवड्यात आहे. ते झालं की सुट्टी काढून येते, एप्रिल उजाडायच्या आत. समोरासमोर बसून बोलले की तो ऐकेल. तोवर थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा दे. अंड्यातला पांढरा भाग, दूध, केळं.

छोटी


१४ मार्च

छोटी,

हॉस्पिटलातून लिहितेय. चार दिवस झाले. पायांवर सूज आहे, तोंडात फोड आहेत. आता नळीतून देतात आणि ते पोटात ठरत नाही. काल स्वतःहून म्हणाले, पाव दे. मी दुधात बुडवून दिला. गिळता आला नाही.

सुट्टीची वाट बघू नकोस, ये.

वहिनी


६ एप्रिल

प्रिय वहिनी,

दादाचं तेरावं करून परत येऊन आठवडा झाला. कामावर जाते आणि नुसती बसून राहते. मी पोचले तेव्हा त्याने मला ओळखलं की नाही हे मला अजून कळत नाही. त्याने हात दाबला असं तू म्हणालीस, पण तू ते माझ्यासाठी म्हणालीस असं वाटतं.

तिथे मला तुझ्याशी धड बोलता आलं नाही. घरात माणसं होती आणि तू सारखी कामात होतीस. तू एकटी कशी राहत असशील याने जीव कासावीस होतो. काही दिवस माझ्याकडे येऊन राहा. इथे एक खोली रिकामीच असते.

तुझी,
छोटी


२९ एप्रिल

डॉक्टर बाईंना,

तुमचं पत्र मिळालं. खोलीबद्दल आभार.

काल एका दाखल्यावर सही घ्यायला हॉस्पिटलात गेले होते. डॉक्टरांनी बसवून घेतलं, पाणी दिलं. बोलता बोलता म्हणाले, "तुमच्या नणंदेचं भाषण मी स्वतः ऐकलंय, म्हणून तर मला जास्त वाईट वाटलं." मी विचारलं, कोणतं भाषण? तर तेच. नोव्हेंबरातलं. ज्याच्यासाठी ह्यांनी आपला कॅन्सर तुमच्यापासून लपवून ठेवला ते.

त्या सभागृहात फक्त डॉक्टर आणि शास्त्रज्ञ होते म्हणे. तिथे तुम्ही सांगितलंत की तुमच्या उंदरांना आतड्याचा कॅन्सर झाल्यावर उपाशी ठेवलं, तर गाठ आधी बारीक झाली आणि मग चिवट झाली. स्वतःला खाऊन जगायला शिकली, आणि औषधालाही दाद देईना. म्हणजे जानेवारीत मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा हे तुम्हाला ठाऊक होतं. मला लिहिलंत, गुंतागुंतीचं आहे.

अजून एक. ज्या दिवशी केमो न देता परत पाठवलं, त्या दिवशी डॉक्टरांनी हे सगळं ह्यांना सांगितलं होतं. बहिणीच्याच प्रयोगशाळेतलं आहे म्हणून सांगितलं. तर हे काय म्हणाले माहीत आहे? "तसं असतं तर तिने मला कळवलं असतं."

तेवढ्यावरच डॉक्टर हरले. मला एकच विचारायचंय. का नाही कळवलंत?

तुमच्या भावाची बायको


११ मे

वहिनी,

तू मला 'तुम्ही' म्हणालीस तिथेच माझी शिक्षा सुरू झाली. तरी विचारलंस म्हणून सांगते.

आधी संस्थेचं कारण होतं. निष्कर्ष छापून येईपर्यंत बाहेर बोलायचं नाही असं संचालकांनी बजावलं होतं. चाचणीची सगळी मांडणी मुलाखतीतल्या अर्ध्यावर उभी होती. उरलेलं अर्धं बाहेर आलं असतं तर ती कोसळली असती. पण घरी एक ओळ लिहायला कोणी अडवलं नव्हतं. ते कारण मी तुलाही दाखवलं आणि स्वतःलाही.

मग त्याचं पत्र आलं. वहिनी, माझ्या कामातलं त्याला कधी काही कळलं नाही, आणि त्याच्या पाण्यातलं मला. पहिल्यांदाच माझं काहीतरी त्याच्या कामी आलंय असं तो समजत होता. इतका खुशीत होता. माझ्या भरवशावर आहे म्हणाला. त्याला जेव म्हणणं म्हणजे ते सगळं काढून घेणं होतं. मला वाटलं, थोडे दिवस. समोर गेले की सांगीन. उंदीर वेगळे, माणूस वेगळा, कदाचित त्याच्या बाबतीत तसं होणारही नाही, असंही मनाला सांगितलं. माझ्या हाताखालच्या पोराने असं बोलून दाखवलं असतं तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं.

सभागृहात हे सांगताना माझा आवाज जरासुद्धा कापला नव्हता. तिथे माझं कोणी नव्हतं.

शोधनिबंध आता छापून येतोय, पूर्ण. शेवटी आभारांत त्याचा उल्लेख करावा असं मनात आहे. तुझी परवानगी हवी.

छोटी


२० मे

डॉक्टर बाईंना,

आभारांत ह्यांचं काही घालू नका. ह्यांनी तुमच्या कामात भाग घेतला नव्हता.

दुसरं काम आहे. ह्यांच्या शेजारच्या खुर्चीत गणिताच्या बाई बसायच्या, तुम्हाला ह्यांनी लिहिलंही असेल. काल त्या घरी आल्या. दार उघडलं तर मी ओळखलं नाही. गालांची हाडं वर आलीत, घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरतं. मला वाटलं भेटायला आल्या. त्या आल्या होत्या विचारायला, की मास्तर उपाशी दिवसांत पाणी कोमट घ्यायचे की गार.

मी त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, तुम्ही तिकडे काय बोललात, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाचं ऐकावं तसं. मग म्हणाल्या, "तुम्ही दुःखात आहात. मास्तरांनी सुरुवात उशिरा केली, एवढंच झालं. त्यांच्या बहिणीचं मी स्वतः वाचलंय."

मला तुमचं सांत्वन नको, खोली नको. तुम्ही इकडे या आणि या बाईंच्या समोर बसून सांगा. दोन्ही बाजू मांडायला येणार असाल तर येऊ नका.


२४ मे

वहिनी,

रविवारी सकाळी पोचते.

छोटी


३ जून

डॉक्टर बाईंना,

तुम्ही निघून गेल्यावर काय झालं ते कळवायला हवं, म्हणून लिहितेय.

तुम्ही चष्मा काढून हातात धरलात आणि म्हणालात, "बाई, जेवा. पेपरात मी अर्धंच सांगितलं होतं. उपाशी राहिलात तर औषध तुम्हाला सोसणार नाही, तुमच्या गाठीला मात्र सोसेल." बाईंनी विचारलं, खात्री आहे? तुम्ही म्हणालात, आहे. मग त्यांनी विचारलं, मग मास्तरांना का नाही सांगितलंत, आणि तुम्ही उठून गॅलरीत गेलात. तिथवरचं तुम्हाला माहीत आहे.

तुमची रिक्षा वळल्यावर बाईंनी घसरलेलं घड्याळ मनगटावर ओढून घेतलं. मग म्हणाल्या, काही खायला आहे का घरात. मी अंडं उकडलं, पाव भाजला. ह्यांच्या सवयीने जास्तच भाजला. त्यांनी सगळं संपवलं, अगदी सावकाश, एकेक घास मोजल्यासारखा. दुसरा पावही मागून घेतला. मी समोर बसले होते. त्या वाचाव्यात म्हणून मी तुम्हाला बोलावलं होतं, आणि त्या खात होत्या तर मला त्यांचा राग येत होता. असा राग मला जन्मात कुणाचा आला नाही. त्या गेल्यावर मी ताट घासत बराच वेळ उभी राहिले.

परवा त्या केमोला गेल्या. वजन थोडं वाढलंय, डॉक्टरांनी औषध दिलं. बाकीच्या खुर्च्यांतल्या लोकांनाही त्या आता दटावून खायला लावतात असं नर्स सांगत होती.

त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा मी चहा ओतून तुमच्यापुढे ठेवला होता. तुमचं सांगून झालं, तुम्ही गॅलरीत गेलात, आणि मी कप उचलायला हात लावला तर तो अजून चटका बसेल इतका गरम होता. एवढंसंच होतं ते काम.

बाईंना तुमच्याशी अजून बोलायचंय, त्यांचा पत्ता मागे लिहिलाय. पुन्हा कधी आलात तर त्यांच्याकडेच उतरा. इथे आता कोणी आजारी नाही.